पोस्टरला पाच, मंचाला दोन : शिक्षण परिषदेत आपलं काम मांडायला जाणाऱ्यांसाठी

शिकवता शिकवता काहीतरी हाती लागलंय आणि ते चार शिक्षकांपुढे मांडावं असं वाटतंय, अशा माझ्यासारख्या जिल्हा परिषद शिक्षकांसाठी हे लिहितेय. परिषदांची पत्रकं व्हॉट्सॲपवर सतत येत असतात. शोधनिबंध पाठवा, पोस्टर लावा, उपक्रम सादर करा. नोंदणी शुल्क, गाडीभाडं, मुक्काम, छपाई धरून तीन-चार हजार सहज जातात, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच पगारातून जातात. एवढं करून मांडणाऱ्याच्या पदरात काय पडतं, हे मात्र कुणी लिहीत नाही. मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या डोंगराकडच्या भागात सहावी-सातवीला गणित शिकवते. एकच काम मी वेगवेगळ्या ठिकाणी मांडलं, त्यामुळे मला तुलना करता येते. जिथे तक्रार आहे तिथलं नाव मी घेणार नाही, कारण ती तक्रार एका जागेची नसून पद्धतीची आहे.

आधी काम काय ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विषय दशांश अपूर्णांक. ३.१२ मोठं की ३.५? वर्गातली बरीच मुलं ३.१२ म्हणतात, कारण बारा पाचापेक्षा मोठे. आमच्याकडे घरोघरी गाई आहेत, डेअरीची पावती रोज घरात येते. फॅट ३.५, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ८.५ हे आकडे पोरांच्या तोंडात असतात, आणि फॅट ३.८ लागली की दर वाढतो हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण आमच्या पावतीवर फॅट एकाच दशांश स्थळापर्यंत छापलेली येते, म्हणून खरी अडचण तिथे दिसतच नाही. रुपये-पैशांनी समजवायला गेलं तर घोळ वाढतो. ३.५ म्हणजे तीन रुपये पाच पैसे, असं मुलं बिनदिक्कत सांगतात, कारण दुकानाच्या बिलावर पैसे नेहमी दोन आकड्यांत लिहिलेले त्यांनी पाहिलेले असतात. मग मी शिंप्याकडची टेप सोडून मीटरपट्टी घेतली, शंभर चौकटींचा कागद घेतला, आणि मुलं काय उत्तर देतात व ते का देतात, हे त्यांच्याच अक्षरात जमवत गेले. आकड्यांच्या आठ जोड्या, प्रत्येकीतली मोठी संख्या ओळखायची आणि शेजारी कारण लिहायचं. माझं काम एवढंच, पण त्या कारणांच्या रकान्यात खूप काही सापडतं.

हे मी पहिल्यांदा मांडलं ते एका महाविद्यालयात भरलेल्या राष्ट्रीय परिषदेत, मंचावरून, प्रोजेक्टर लावून. पत्रिकेत प्रत्येकाला दहा मिनिटं होती. उद्घाटन लांबलं, सत्कार लांबले, बीजभाषण लांबलं, आणि त्या सगळ्याची भरपाई जेवणानंतरच्या समांतर सत्रांतून झाली. समांतर सत्र म्हणजे एकाच वेळी तीन-चार वर्गांत वेगवेगळे लोक बोलणार. आमच्या खोलीत जे बोलणार होते तेच ऐकायला होते. आपलं झालं की माणूस पिशवी उचलून बस गाठायला निघायचा. माझ्या आधीच्या सरांनी जुन्या फाँटमध्ये स्लाइड बनवल्या होत्या. तो फाँट तिथल्या संगणकावर नव्हता, म्हणून पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चुरा दिसत होता. त्यांनी तरीही नेटाने बोलून दाखवलं, पण त्यांची पाच मिनिटं पडद्याकडे बघण्यातच गेली. मला सहा मिनिटं मिळाली. स्तंभालेख दाखवला, आधी इतक्या मुलांना येत होतं, नंतर इतक्यांना येऊ लागलं. 'प्रश्न शेवटी एकत्र घेऊ' असं अध्यक्ष म्हणाले. शेवटी चहाची वेळ झाली होती.

प्रमाणपत्र सकाळीच पिशवीत मिळालं होतं. मला याचं वाईट वाटलं ते मानापमानामुळे नाही. तीनशे किलोमीटरवरून आलेल्या एका ताईंनी पहिलीच्या मुलांच्या लेखनाबद्दल फार मोलाचं काहीतरी आणलं होतं, आणि त्या खोलीत ते विचारून घ्यायला कुणाकडे वेळ नव्हता. मी नंतर त्यांना बसस्टँडपर्यंत सोबत केली आणि वाटेत सगळं विचारून घेतलं. अशा मंचीय सादरीकरणाला मी पाचपैकी दोन गुण देते. एक गुण अशासाठी की सारांश लिहून पाठवताना आपलं काम आपल्यालाच स्वच्छ दिसायला लागतं. दुसरा गुण त्या बसस्टँडच्या वाटेचा.

आता पोस्टर. मुंबईत एका परिषदेत मला पोस्टरची जागा मिळाली. खरं सांगायचं तर पत्र आलं तेव्हा सोबतच्या शिक्षकांना ते दुय्यम वाटलं होतं. निबंध वाचणारा वरचा आणि पोस्टर लावणारा खालचा, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय, आणि तो साफ चुकीचा आहे. तिथे मला एक बोर्ड मिळाला, समोर एक टेबल मिळालं, आणि पूर्ण दीड तास मिळाला. त्या वेळेत दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवलेला नव्हता, चहासुद्धा त्याच दालनात होता. आयोजकांनी एवढी एक गोष्ट नीट केली आणि बाकी सगळं आपोआप जमून आलं. लोक हातात कप घेऊन फिरत होते, थांबत होते, वाचत होते, विचारत होते.

पोस्टरवर मी स्तंभालेख छोटा ठेवला होता आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांची पानं मोठी करून लावली होती. टेबलावर मूळ कागदांचा गठ्ठा ठेवला होता, नावं झाकून. निवृत्त वाटणारे एक सर आले. त्यांनी पोस्टर भराभर वाचलं आणि गठ्ठा घेऊन खुर्चीवर बसले. चष्मा कपाळावर सरकवून एकेक कागद डोळ्यांजवळ नेत त्यांनी सगळे पाहिले आणि त्यातले दोन कागद वेगळे काढून शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, या दोघांना आठपैकी सारखेच गुण आहेत ना?"

"हो, चार-चार."

"बरोबर आलेली गणितं बघा."

मी पाहिलं. पहिल्या मुलाने ५.७३ हे ५.४ पेक्षा मोठं म्हटलं होतं, ते बरोबर. ३.१२ हे ३.५ पेक्षा मोठं म्हटलं होतं, ते चूक. ज्या संख्येत आकडे जास्त ती मोठी, हा त्याचा नियम. दुसऱ्या कागदावर, तो एका मुलीचा होता, नेमकं उलटं. तिचं ३.५ मोठं हे बरोबर, पण ५.४ हे ५.७३ पेक्षा मोठं, हे चूक. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात म्हणून'. तिने माझं वाक्य अगदी बरोबर लक्षात ठेवलं होतं आणि संबंध संख्येला लावलं होतं. जिच्यात शतांश आले ती संख्या लहान! दोघांचे गुण सारखे, आणि विचार एकमेकांच्या विरुद्ध टोकांना. स्तंभालेखात दोघं एकाच स्तंभात बसली होती.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून उरलेला गठ्ठा वेगळा केला. आणखी दोन शिक्षिका येऊन बसल्या, त्यातल्या एकीने आपल्या वर्गात असंच दिसतं म्हणून सांगितलं आणि शून्याचं काय, असं विचारलं. ०.३ आणि ०.३० यांत मुलं काय म्हणतात? त्या प्रश्नावर पंधरा मिनिटं गेली. एका संशोधक मुलीने सांगितलं की या दोन्ही प्रकारच्या समजुतींवर ऑस्ट्रेलियात बरंच काम झालंय आणि ते कुठे वाचायला मिळेल तेही लिहून दिलं. घरी येऊन मी अशा वेगवेगळ्या विचारांच्या गटांसाठी वेगळ्या जोड्या तयार केल्या आणि शंभर चौकटींच्या कागदावर ५.७३ नुसतं रंगवायला न देता ५.४ च्या शेजारी रंगवायला लावलं. 'शतांश लहान' म्हणणाऱ्या मुलांना त्र्याहत्तर लहान चौकटी चाळीस चौकटींच्या शेजारी दिसल्या, की ती स्वतःच थांबून विचार करतात.

सहा मिनिटांच्या भाषणात यातलं काहीही घडलं नसतं. म्हणून पोस्टरला पाचपैकी पाच. शिक्षकाच्या कामाचा खरा पुरावा मुलांच्या वहीत असतो, आणि वही हातात घेऊन बघावी लागते.

पोस्टर करायचं ठरवलंत तर छपाईबद्दल थोडं सांगते, कारण यात पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाया जातात. परिषदेच्या पत्रात आकार ए-वन किंवा ए-झीरो असा येतो. ए-वन म्हणजे ५९४ गुणिले ८४१ मिलिमीटर, ए-झीरोचं क्षेत्रफळ त्याच्या दुप्पट. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे हिशेब फुटात चालतो. त्याला ए-वन म्हणून सांगू नका, मिलिमीटरच लिहून द्या, नाहीतर तो दोन बाय तीन फूट काढतो आणि तिकडे बोर्डावर पोस्टर खाली लोंबतं. मजकूर त्याच्याकडे टाइप करायला अजिबात देऊ नका. युनिकोड मजकूर त्याच्या डीटीपीच्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, आणि 'पूर्णांक'चा 'पुर्णांक' होऊन गणिताच्या बाईंच्या पोस्टरवर झळकतो. घरीच मुक्ता किंवा नोटो देवनागरीसारख्या मोफत युनिकोड फाँटमध्ये पान तयार करा, पीडीएफ करा, ती दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा आणि मगच द्या. स्लाइड दाखवायच्या असतील तरी हाच नियम पाळा, पीडीएफही सोबत ठेवा. साध्या फ्लेक्सवर पेन्सिलीचं अक्षर पुसट येतं, म्हणून मुलांची पानं वेगळ्या जाड कागदावर रंगीत झेरॉक्स काढून वरून चिकटवली तर फार चांगली दिसतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि बोर्डपिना आपल्याच पिशवीत असू द्या.

आपल्या राज्यात मांडायच्या ज्या जागा आहेत त्यांबद्दलही बोलायला हवं. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजे पुण्यात कुमठेकर रस्त्यावरची एससीईआरटी, नवोपक्रम स्पर्धा घेते. डायटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, जिल्हास्तर, त्यातून निवड होऊन राज्यस्तर. तिची मला सगळ्यात आवडलेली बाजू म्हणजे अंगणवाडी ताईंना त्यात स्वतंत्र गट आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांबरोबर दिवसभर असणाऱ्या बाईचं ऐकायला दुसरी कुठली परिषद बोलावते? लिहायला शिकवणारी म्हणूनही ही स्पर्धा चांगली आहे. गरज, उद्दिष्टं, नियोजन, कार्यपद्धती, निष्कर्ष, परिशिष्टं अशी चौकट असते आणि त्या चौकटीत एकदा काम बसवलं की हात वळतो. मला खटकतं ते आपण शिक्षकांनीच पाडलेल्या पायंड्याबद्दल. पूर्वचाचणी इतके टक्के, उत्तरचाचणी तितके टक्के, आणि वाढ दिसली की उपक्रम यशस्वी. वर सांगितलेली ती दोन मुलं अशा टक्क्यांत कधीच सापडायची नाहीत. परिशिष्टात फोटो भरण्यापेक्षा मुलांची चुकलेली उत्तरं लावा, परीक्षक ती नक्की वाचतात. साडेतीन गुण.

'शिक्षणाची वारी' ज्यांनी पाहिली त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात शालेय शिक्षण विभागाने ही वारी भरवली. वेगवेगळ्या जिल्ह्यांतले शिक्षक आपापल्या स्टॉलवर आपलं साहित्य घेऊन उभे आणि बाकीचे शिक्षक रांगेने बघत, हाताळत, विचारत पुढे जाणारे. गर्दी इतकी की निवांत बोलणं व्हायचं नाही, आवाज बसायचा. तरीही शिक्षकाने शिक्षकाला दाखवायचं, मध्ये भाषण नाही, ही तिची रचना मला मनापासून पटली होती. ती पुन्हा नियमित सुरू व्हावी आणि तालुका पातळीवर यावी, म्हणजे गर्दीही आटोक्यात राहील. विज्ञान प्रदर्शनात शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याचा गट असतोच, पण तिथे परीक्षक येऊन गेले की मांडणाऱ्याकडे दुसरं कोणी फारसं फिरकत नाही, सगळी नजर मुलांच्या प्रयोगांवर, आणि ते योग्यच आहे.

केंद्रातली शिक्षण परिषद आपण सगळ्यांत कमी लेखतो, आणि तिच्याकडून माझी सगळ्यांत मोठी अपेक्षा आहे. पूर्वी गटसंमेलन म्हणायचो तीच. दहा-बारा शाळांचे शिक्षक, भाडं नाही, शुल्क नाही, सगळे ओळखीचे, आणि मुलं एकाच मातीतली. अर्धा वेळ पत्रकं, ऑनलाइन माहिती आणि लिंक भरण्याच्या सूचनांत जातो हे खरं आहे. पण आमच्या केंद्रात आम्ही केंद्रप्रमुख सरांना विनंती केली, की चहाआधीचा पाऊण तास फक्त वह्यांचा ठेवा. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाची एक वही आणायची. भाषण करायचं नाही, वही फिरवायची. सरांनी मान्य केलं. दुसरीच्या एका गुरुजींनी हातच्याची वजाबाकी आणली त्या दिवशी पाऊण तासाचा दीड तास झाला आणि कुणी घड्याळ पाहिलं नाही. जपानमधले शिक्षक याच्याही पुढे जातात. तिथे शिक्षक आपला प्रत्यक्ष तासच इतरांसमोर घेतो, बघायला आलेले मुलांच्या मागे उभे राहून टिपणं काढतात आणि शाळा सुटल्यावर त्या एका तासावर चर्चा करतात. ही पद्धत तिथे शंभरहून अधिक वर्षं चालत आली आहे. आपल्या केंद्रात हे करायला कुठल्या शासन निर्णयाची गरज पडू नये.

मोठ्या परिषदांपैकी गणित-विज्ञानवाल्यांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे लक्ष ठेवावं. त्यांची 'एपिस्टेम' परिषद २००४ साली गोव्यात, दोनापावलला सुरू झाली. ती मुख्यतः संशोधकांची आहे, कारभार इंग्रजीत चालतो, पण जुन्या परिषदांचे निबंध वाचले तर आपल्या वर्गातल्या प्रश्नावर आधी कुणी काय पाहिलंय ते कळतं. जानेवारी २०१२ मध्ये याच केंद्रात गणित शिक्षणाची राष्ट्रीय परिषद झाली. तिच्याआधी देशात विभागीय परिषदा घेतल्या होत्या, आणि त्यातून निघालेलं काम त्याच वर्षी दक्षिण कोरियातल्या सोलच्या आंतरराष्ट्रीय गणित शिक्षण परिषदेत भारताच्या वतीने मांडलं गेलं. विभागातून देशात आणि तिथून बाहेर, अशी शिडी पुन्हा उभी राहावी असं मला फार वाटतं. खालची पायरी असल्याशिवाय वाड्यावस्तीवरचा शिक्षक वर पोचणार कसा?

भाषेचा अडसर खरा आहे. आपल्याच राज्यात भरलेल्या राष्ट्रीय परिषदेत मराठी शाळेतल्या शिक्षिकेला सारांश इंग्रजीत मागतात, आणि तो कुणाकडून तरी लिहून घेताना कामाचा जीवच जातो. पोस्टरला इथेही फायदा आहे. वरची ओळख इंग्रजीत ठेवली, मुलांची पानं मराठीतच ठेवली आणि समोर उभं राहून मराठी-हिंदीत समजावलं, तर कोणाचं अडत नाही. मुंबईत माझ्या पोस्टरपाशी केरळचे एक शिक्षक बराच वेळ होते. ३.१२ आणि ३.५ त्यांना वाचता येत होते, मुलांचे बाण आणि खाडाखोड कळत होती, कारणं मी सांगत होते. हवं होतं ते सगळं झालं.

रजेचं आणि पैशांचं मात्र कुणीतरी मनावर घ्यायला हवं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत. हे तास बहुतेक करून व्हिडिओ बघण्यात आणि शेवटी प्रश्नावली सोडवण्यात भरले जातात. आपलं काम लिहून काढणं, मांडणं आणि अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देणं, यात घातलेले तास त्यात धरले जावेत आणि त्या दिवसांची रजा आपल्या खात्यातून कापली जाऊ नये. माझ्या सासूबाई घर सांभाळतात आणि शाळेत आम्ही दोघी आहोत, म्हणून मला जाता आलं. एकशिक्षकी शाळेतल्या बाईने जायचं ठरवलं तर त्या दिवशी शाळा कोण उघडणार, हा प्रश्न कोणत्याच परिषदेच्या पत्रकात नसतो.

शुल्क भरण्याआधी मी आता आयोजकांना फोन करून चार गोष्टी विचारते. पोस्टरला वेगळी वेळ आहे की जेवणाच्या सुट्टीतच उरकायचंय? टेबल मिळेल का, वह्या ठेवायला? समोर बघायला शाळेत शिकवणारे किती असतील? मराठीत बोललं तर चालेल का? ज्यांना पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येतं, तिथे बाकीचं बहुतेक ठीक असतं. पोस्टर नको, निबंधच वाचा, असा आग्रह झाला तर मी निदान प्रश्नांसाठी राखीव वेळ लेखी मागून घेते. आणि सोबत जायला एक तरी सहकारी शोधा, म्हणजे तुमच्या पोस्टरपाशी ती थांबेल तेव्हा तुम्हाला बाकीची पोस्टरं बघता येतील. मुंबईला मी एकटी होते आणि शेजारच्याच बोर्डवरचं परिसर अभ्यासाचं पोस्टर मला वाचायला मिळालं नाही. त्या ताई गडचिरोलीच्या होत्या, विहिरींच्या पाण्याची पातळी मुलांनी महिन्या-महिन्याला मोजून नकाशावर मांडली होती, एवढंच येता-जाता दिसलं. हे कुणी वाचत असेल आणि त्यांच्या ओळखीचं असेल तर त्यांना सांगा, मला ते सगळं समजून घ्यायचंय.